मागून येणाऱ्यांसाठी

जून १८५०. महिना संपत आलाय आणि दातांखाली धूळ करकरतेय. मिसुरी नदीचा काठ सोडल्यापासून तुम्ही चालतच आहात. गाडी आहे, पण तिच्यात पीठ, खारवलेलं डुकराचं मांस, कॉफी, अवजारं आणि अंथरुणं खच्चून भरलीत. बैलांवर आणखी भार टाकला, तर कॅलिफोर्निया यायच्या आधीच ते बसकण मारतील. त्यामुळे धडधाकट माणसानं चालायचं. फोर्ट लॅरमीचं लष्करी ठाणं नुकतंच मागे पडलंय. तिथल्या वहीत तुमची नोंद झाली. या एका उन्हाळ्यात त्या वहीत पस्तीस हजारांहून जास्त माणसं नोंदली जाणार आहेत. बहुतेक सारे पुरुष, बहुतेक सारे सोन्याच्या ओढीनं निघालेले.

आज मुक्काम नॉर्थ प्लॅट नदीच्या काठी. बैल सोडले, जू उतरवलं. झाडी विरळ, म्हणून चुलीसाठी गव्यांच्या वाळलेल्या रानशेणी ओच्यात गोळा करून आणल्या. धूर वर गेला आणि त्याच्यामागोमाग तुमची नजर.

समोर कडा उभा आहे. शंभर फुटांहून उंच, फिकट पिवळसर वालुकाश्माचा, नदीला जवळजवळ समांतर. वरच्या कपारींत भिंगऱ्यांची मातीची घरटी लगडलेली, त्यांची ये-जा थांबत नाही. आणि खाली, माणसाचा हात पोचेल तिथवर, नावंच नावं.

तुम्ही जवळ जाता. दगड मऊ आहे. नखानं ओरखडलं तरी वाळू सुटते. छिन्नी लागत नाही, खिशातला चाकू पुरतो. कुणी नुसती आद्याक्षरं कोरलीत, कुणी पूर्ण नाव, खाली गाव, राज्य आणि साल. कुणी अक्षरांना छापील पुस्तकातल्यासारखे पाय काढलेत. दिवसभर वीस-पंचवीस किलोमीटर चाललेल्या माणसाला एवढा निगुतीपणा सुचतो कसा, याचं तुम्हाला नवल वाटतं. बाजूनं उतरतं ऊन आलं की खोल अक्षरं सावलीनं भरतात आणि लांबूनही वाचता येतात.

हे सगळं हौसेपोटी चाललंय असं मला वाटत नाही. थोडी हौस असेलही. पण ही वाट नीट पाहा. इथे टपाल नाही. भाऊ एका तांड्याबरोबर पुढे गेला असेल, मेहुणा आठवडाभर मागे असेल, कुणाचा तांडा भांडणात फुटून दोन झाला असेल. निरोप ठेवायचा कुठे? वाटेत पडलेल्या गव्यांच्या पांढऱ्या कवट्यांवर लोक पेन्सिलीनं मजकूर लिहून ठेवतात, ते तुम्ही येताना पाहिलंय. पण कवटी लाथेनं उडते, पावसात धुऊन निघते. कडा जागचा हलत नाही. तेव्हा इथे आलेला माणूस आधी कोरत नाही, आधी वाचतो. ओळीमागून ओळ बोट फिरवत ओळखीचं नाव शोधतो. सापडलं की तारीख बघतो आणि मनाशी हिशेब मांडतो: दहा दिवस पुढे आहे, म्हणजे जिवंत आहे. निदान दहा दिवसांपूर्वी होता.

तो ‘निदान’ का, हे तुम्हाला ठाऊक आहे. प्लॅटच्या काठानं येताना ताज्या मातीचे ढिगारे तुम्ही मोजायचे सोडून दिलेत. सकाळी बैल जुंपणारा माणूस रात्री पुरला जातो. कॉलरा. तो कशातून होतो हे या तांड्यात कुणालाच माहीत नाही. लंडनच्या डॉक्टर जॉन स्नो यांचं पाण्याच्या पंपाचं प्रसिद्ध प्रकरण घडायला अजून चार वर्षं आहेत. मुक्कामाच्या जागी आधीच्या तांड्यानं खणलेल्या उथळ खड्ड्यातलं पाणी तुम्हीही प्यालात, शेजारीच त्यांनी शौचाला केलेली जागा होती तरी. लॅरमी ओलांडली की उंचावरची हवा निरोगी, रोग मागे राहतो, असं सगळे एकमेकांना सांगताहेत. आज आवाजही जरा मोकळे झालेत.

कड्याशी एक तरुण कोरतोय. वय एकोणीस, इंडियाना राज्यातल्या वेन परगण्यातला. अक्षरं एकेक उमटतात: ए. एच. अनथँक, १८५०. ॲल्वा अनथँक. तुम्ही त्याच्या शेजारी उभे आहात आणि तुम्हाला पुढचं माहीत आहे, त्याला नाही. उद्या त्याच्या गाड्या जवळच्या टेकाडावरून चढतील. तिथला वालुकाश्म चाकांनी कापत कापत चाकोऱ्या इतक्या खोल जातील, की काही ठिकाणी पाच फूट भरतील. मग आणखी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास वाट, आणि २ जुलैला, आज ज्याला ग्लेनरॉक म्हणतात त्या गावाजवळ, कॉलरानं त्याचा अंत. सोबत्यांनी दगडावर पुन्हा तेच नाव कोरलं, या वेळी मृत्यूच्या तारखेसह. ती खूण अजून आहे. या वाटेवर ज्यांच्या जागा ओळखता येतात अशी थडगी फार थोडी. पुष्कळांना भर रस्त्यात पुरलं, वरून गाड्या हाकल्या, म्हणजे लांडग्यांना माग लागू नये.

तुम्ही आणखी थोडं इथेच थांबा, पण वर्षं पुढे जाऊ द्या. एक गोष्ट मात्र डोळ्यांआड करू नका. या कड्याला आणि नदीला आधीपासून माणसं ओळखत होती. शायान, लकोटा, अरापाहो यांचा हा मुलूख. या गाड्यांनी काठचं गवत खाल्लं, गव्यांचे कळप पांगवले, रोग आणले. १८५१ साली लॅरमीच्या नावानं करार झाला, तो पुढे पाळला गेला नाही. कोरलेल्या प्रत्येक नावात ‘मी इथून गेलो’ आहे, आणि कित्येकांत ‘हे आता आमचं’ असंही आहे. मला ती दोन्ही वाक्यं एकत्रच ऐकू येतात.

आता १८६९. मे महिन्यात यूटामध्ये पूर्व-पश्चिमेचे रूळ जोडले गेले, आणि महिनोन्महिन्यांची वाट आठवड्यावर आली. गाड्यांची रांग ओसरते. त्याच साली कड्याशी एक माणूस येतो. तो फोर्ट लॅरमीत तारयंत्रावर काम करतो. त्याच्या बोटांखालून निरोप क्षणात शेकडो मैल जातो. तरी तो दगडाशी उभा राहून ॲल्वाच्या नावाजवळ स्वतःचं नाव कोरतो: ओ. एन. अनथँक, १८६९. हा ॲल्वाचा पुतण्या. ॲल्वानं कुणासाठी नाव ठेवलं होतं, कुणास ठाऊक. वाचलं ते मात्र घरच्याच माणसानं.

आज कड्याला कुंपण आहे, आणि ते हवंच. कारण नंतरच्या पर्यटकांनी जुन्या नावांवर आपली नावं खरडली. वारा-पाऊसही वाळूचा कण न् कण नेतोच आहे. कुंपणाच्या जाळीतून पाहा, अनथँकांची आणखी एक ओळ दिसेल: ओ. बी. अनथँक, १९३१.