घड्याळ आणि वेळ : प्रभाकर बरवे यांच्या चित्रांतील वस्तू

१/९
कर्जत स्थानकात गाडीला बोरघाट चढण्यासाठी जादा इंजिने जोडली जातात, तेव्हा प्रवाशांच्या नजरा घड्याळाकडे जातात. त्यांना दिसते ती वेळ. घड्याळ कोणी पाहत नाही. खालापूरच्या तहसील कचेरीतून आलेले पाकीटही फोडले जाते, न्याहाळले जात नाही. उपयोगामागे वस्तू दडून जाते. तिला पुन्हा दृष्टीसमोर आणणारा एक थोर चित्रकार याच जिल्ह्यातला. त्याच्याविषयी हा धागा.

२/९
प्रभाकर बरवे यांचा जन्म १९३६ साली अलिबागजवळच्या नागाव येथे झाला. तेव्हा हा कुलाबा जिल्हा होता. ‘रायगड’ हे नाव १९८१ मध्ये मिळाले. बरवे यांचे कलाशिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १९५९ पर्यंत झाले.

३/९
त्यापूर्वीच युरोपात अतिवास्तववाद रुजला होता. १९२४ मध्ये पॅरिसमध्ये आंद्रे ब्रेतों याने त्याचा जाहीरनामा काढला. फ्रॉइडच्या विचारांचा आधार घेऊन स्वप्न आणि नेणीव यांना कलेत मोकळी वाट देणे, हा त्यामागचा हेतू होता.

४/९
साल्वादोर दाली याने १९३१ मध्ये घड्याळे वितळलेली दाखवली. रने माग्रित याने १९२९ मध्ये हुबेहूब पाइप रंगवून, हा पाइप नव्हे, असे त्याखाली लिहिले. ओळखीची वस्तू अनोळखी करण्याचे हे दोन भिन्न मार्ग.

५/९
बरवे १९६१ मध्ये विणकर सेवा केंद्रात रुजू झाले आणि वाराणसीला गेले. तेथे तांत्रिक प्रतिमांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. पुढे ते मुंबईच्या केंद्रात आले. कापडावरील आकृतिबंध हे त्यांचे रोजचे काम होते. एक आकार आणि त्याभोवतीची मोकळी जागा यांचे नाते त्यांच्या नित्य परिचयाचे होते.

६/९
त्यांच्या प्रगल्भ चित्रांत पान, घड्याळ, पाकीट, सफरचंद, सेफ्टी पिन अशा वस्तू येतात. दारे-खिडक्यांना लावतात तसला एनॅमल रंग ते वापरीत. त्याच्या सपाट, शांत पृष्ठभागावर या वस्तू एकमेकींपासून दूर, विस्तीर्ण रिकाम्या अवकाशात उभ्या असतात. ‘ब्लू क्लाउड’ या चित्राला १९७६ मध्ये ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

७/९
मग त्यांना अतिवास्तववादी म्हणावे काय? साम्य आहे, पण तेवढ्यावर थांबल्यास बरवे हे पॅरिसचा प्रतिध्वनी ठरतात आणि त्यांचे स्वतःचे काय, हे निसटते. दालीचे घड्याळ वितळते, कारण स्वप्नात काहीही घडू शकते. बरवे यांच्या वस्तूला असा धक्का देण्याची निकड नसते. तिचे काम काढून घेतले, भोवतीची गर्दी दूर केली, की ती आपसूक अनोळखी होते.

८/९
या विचारप्रक्रियेचा मागोवा त्यांनी ‘कोरा कॅनव्हास’ या मराठी ग्रंथात घेतला. तो १९९० मध्ये मौज प्रकाशनाने काढला. वस्तू, आकार आणि अवकाश यांविषयीचे इतके सूक्ष्म चिंतन एका चित्रकाराने मराठीत केले, ही आपल्या भाषेची मोठी मिळकत आहे.

९/९
१९९५ मध्ये बरवे यांचे निधन झाले. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. त्यांचे चित्र समोर आल्यास ‘याचा अर्थ काय?’ हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवावा. आधी पान पाहावे, मग पानाभोवतीची जागा. अर्थाची घाई संपली की ते चित्र उलगडू लागते.