हसण्या-शिंकण्याची धास्ती

एसटीने लांब जायचे म्हणून सकाळपासून पाण्याच्या घोटालाही न शिवणाऱ्या बायका आपल्या घराघरांत आहेत. शिंक आली, जोरात हसू फुटले, भरलेली बादली उचलली की लघवी गळते. सांगायचे कुणाला? ‘बाळंतपणानंतर असे व्हायचेच’ म्हणून आई गप्प बसली, सासूही. डॉक्टर याला ‘स्ट्रेस’चा त्रास म्हणतात, पण हा ताण मनाचा नव्हे, खोकताना-हसताना पोटातून मूत्राशयावर येणाऱ्या दाबाचा आहे. मूत्रमार्गाला खालून आधार देणारे स्नायू आणि ऊती सैल पडल्या, की त्या दाबाने तो मिटलेला राहत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी यावर डॉक्टरांचे मुख्य उत्तर होते ते सुई-दोऱ्याचे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या हॉवर्ड केली यांनी १९१३ च्या सुमारास मूत्राशयाच्या तोंडाशी टाके घालण्याची पद्धत रूढ केली. पुढे आणखी शस्त्रक्रिया आल्या.

लॉस एंजेलिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी मात्र वेगळा प्रश्न विचारला. हातापायाचा दुबळा स्नायू व्यायामाने सुधारतो, मग ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे पसरलेले स्नायू का सुधारू नयेत? १९४८ साली त्यांनी आपला निबंध प्रसिद्ध केला. (आपल्याकडे हठयोगात मूलबंध आहेच, असे कुणी म्हणेल. आहे खरा, पण तो साधकासाठी सांगितलेला, बाळंतिणीच्या तक्रारीवर नव्हे. उगाच श्रेय ओढून घेऊ नये.)

केगेल यांची खरी करामत व्यायामात नव्हती, ती त्यांच्या यंत्रात होती. ‘स्नायू आवळा’ म्हटले की बायका पोट आत ओढत, नाहीतर नितंब आवळत; नेमका स्नायू ठाऊकच नसे. म्हणून त्यांनी योनिमार्गात ठेवायचा हवेचा छोटा रबरी फुगा केला आणि तो दाब मोजणाऱ्या तबकडीला जोडला. बरोबर स्नायू आवळला की काटा हलायचा. आपल्याच शरीराची न दिसणारी हालचाल त्या बाईला डोळ्यांनी दिसायची.

पुढे ‘केगेल’ हा शब्द जगभर गेला, यंत्र मागे राहिले. ‘रोज व्यायाम करा’ असे तोंडी सांगून बायकांना घरी पाठवले जाऊ लागले. १९९१ साली अमेरिकेत अशा थोडक्या सूचनेनंतर ४७ स्त्रियांची तपासणी झाली. जेमतेम निम्म्या जणींना व्यायाम नीट जमत होता, आणि चौथा हिस्सा बायका खाली जोर देऊन त्रास वाढेल असेच काही करत होत्या!

दरम्यान १९९६ मध्ये स्वीडनच्या उल्फ उल्मस्टेन यांनी मूत्रमार्गाखाली कृत्रिम जाळीची पट्टी बसवण्याची सोपी शस्त्रक्रिया आणली. अनेकींना तिने आराम दिला. काहींच्या वाट्याला मात्र कायमच्या वेदना आल्या. ब्रिटनमध्ये २०१८ साली तिचा वापर थांबवावा लागला, आणि २०२० च्या चौकशी अहवालात नोंदले गेले, की या बायका वर्षानुवर्षे सांगत होत्या आणि त्यांचे म्हणणे उडवून लावले जात होते.

व्यायामाचे काय? २०१८ मध्ये अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला. या त्रासाच्या ज्या स्त्रियांनी व्यायाम केला, त्यांतल्या ५६ टक्के बऱ्या झाल्याचे सांगत होत्या. न करणाऱ्यांत ६ टक्के. तीन महिने तरी नेटाने करावा लागतो. आणि योग्य स्नायू आवळला जातो की नाही, हे स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट एका साध्या तपासणीत सांगू शकतात. त्याला आता केगेल यांचे यंत्रही लागत नाही.