एकच मोजपट्टी, पण कोणाच्या मापाची?

समतेवर बोलताना आपण सहज म्हणून जातो, ‘सगळ्यांना एकच निकष लावा.’ आता लष्कराचा इतिहास बघा. तिथे हे वाक्य वाटतं तितकं सरळ नाही.

1950 च्या आर्मी ॲक्टचं कलम 12 सांगतं की, केंद्र सरकार अधिसूचना काढेल तेवढ्याच विभागांत स्त्रियांना प्रवेश. वैद्यकीय आणि परिचर्या सेवांत त्या होत्याच. इतर काही शाखांची दारं उघडली 1992 मध्ये. तीही आधी पाच वर्षांपुरती.

आणि शिस्त कशी होती? 1977 च्या एका लष्करी सूचनेनुसार लग्न केलं म्हणून परिचारिका अधिकाऱ्याला काढता येत असे. 1988 मध्ये एकीला असंच घरी पाठवलं. सूचना 1995 मध्ये मागे घेतली गेली. तिला 60 लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने दिली ती 2024 मध्ये! पुरुषाचं लग्न म्हणजे त्याची खाजगी बाब, बाईचं लग्न म्हणजे सेवेतला दोष. निकष होता, पण एक नव्हता.

पुढे फेब्रुवारी 2020 मध्ये न्यायालयाने स्त्रियांना कायम कमिशनचा मार्ग मोकळा केला. ग्रामीण भागातून आलेले जवान स्त्रीचं नेतृत्व स्वीकारायला मनाने तयार नाहीत, असा युक्तिवाद सरकारने केला होता. यातलं तर्कशास्त्र बघा: तयारी नाही एकाची, आणि संधी नाकारायची दुसरीला!

खरी मेख पुढे आहे. कायम कमिशन देताना शारीरिक क्षमतेचा निकष सर्वांना सारखाच लावला. पण पुरुषांची ती तपासणी पाचव्या किंवा दहाव्या वर्षी, ऐन तारुण्यात झालेली. या स्त्रियांना तेव्हा संधीच नव्हती. त्यांना तेच माप चाळिशी-पन्नाशीत लावलं. मार्च 2021 मध्ये न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं. पट्टी तीच होती, लावण्याची वेळ चुकली होती.

याचा अर्थ निकष सैल करा, असा नाही हं. तोफगोळ्याचं वजन उचलणारा कोण हे बघून बदलत नाही. प्रश्न एवढाच, की निकष कामातून आलाय की सवयीतून? आर्मी ॲक्टचं कलम 45 ‘न शोभणाऱ्या वर्तना’बद्दल बोलतं, ते अधिकाऱ्याच्या. पुरुषाच्या किंवा स्त्रीच्या नाही. शोभा पदाची. माझ्या मते दिशा तिथेच आहे.

2022 मध्ये आपल्या खडकवासल्याला मुलींची पहिली तुकडी आली, आणि मे 2025 मध्ये त्यातल्या 17 जणी प्रबोधिनीतून उत्तीर्ण झाल्या. त्यांच्यासाठी दार उघडलंय. आतली मोजपट्टी कोणाच्या मापाने कापली आहे, हे मात्र दर पिढीने तपासावं लागेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.