पाय मोडलाय? वॉकर, कुबड्या की व्हीलचेअर: दुकानात जाण्याआधी घराचं दार मोजा

डिस्चार्जच्या दिवशी बिल भरणं, औषधं घेणं, गाडी बोलावणं अशी सगळी धावपळ असते. त्यात नातेवाइकांपैकी कुणीतरी एकजण दवाखान्यासमोरच्या दुकानात पळतो आणि "एक वॉकर द्या" म्हणून हाताला लागेल तो उचलून आणतो. उंची कुणी बघत नाही, बटणं कुणी दाबून बघत नाही. घरी आल्यावर कळतं की हा वॉकर न्हाणीच्या दारातून आतच जात नाही. मग पेशंट वॉकर बाहेर ठेवतो आणि भिंत धरून एका पायावर उड्या मारत आत जातो. ऑपरेशन करून बसवलेला रॉड, लाखाच्या घरातलं बिल, घरच्या कमावत्या माणसाची दोन-तीन महिन्यांची रजा, हे सगळं त्या ओल्या फरशीवरच्या चार उड्यांवर येऊन ठेपतं.

आपल्या सीमाभागात आणखी एक अडचण आहे. अथणी-रायबागचा माणूस हाड मोडलं की मिरज गाठतो, चंदगडचा बेळगावला येतो, सावंतवाडी-दोडामार्गचा बांबोळीला गोमेकॉत जातो. म्हणजे उपचार एका राज्यात आणि बरं होणं दुसऱ्या राज्यात. घरी गेल्यावर "हे कसं धरायचं?" म्हणून विचारायला फिजिओथेरपिस्ट शेजारी नसतो. त्यामुळे वस्तू डिस्चार्जच्या आदल्या दिवशी घ्यावी, वॉर्डमध्येच फिजिओसमोर उंची लावून घ्यावी आणि दहा-वीस पावलं, शक्य असेल तर दोन-चार पायऱ्याही तिथेच चालून बघाव्यात. दुकानात नावावरून गोंधळ नको म्हणून सांगतो: आपली कुबडी इंदूर-ग्वाल्हेरला बैसाखी, वडोदऱ्यात काखघोडी, कन्नडमध्ये ऊरुगोलु. वॉकर मात्र सगळीकडे वॉकरच.

आधी कार्ड वाचा

कोणतं साधन घ्यायचं हे दुकानदार ठरवत नाही, पेशंटची हौसही ठरवत नाही. मोडलेल्या पायावर किती वजन टाकायला परवानगी आहे, त्यावर ते ठरतं. डिस्चार्ज कार्डावर ते बहुतेक वेळा इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असतं. 'एनडब्ल्यूबी' म्हणजे पाय जमिनीला टेकवायचाच नाही. 'टीटीडब्ल्यूबी' म्हणजे तोल सांभाळण्यापुरतं बोट टेकवायचं, वजन टाकायचं नाही. 'पीडब्ल्यूबी' म्हणजे थोडं वजन चालेल, पण किती ते डॉक्टरांनी सांगायला हवं. 'डब्ल्यूबीएटी' म्हणजे सोसेल तितकं आणि 'एफडब्ल्यूबी' म्हणजे पूर्ण. कार्डावर यापैकी काहीच नसेल तर विचारून लिहूनच घ्या. "हळूहळू चाला" या सल्ल्यावर वस्तू निवडता येत नाही.

थोडं वजन म्हणजे किती, हे घरच्या वजनकाट्यावर शिकता येतं. समजा डॉक्टरांनी २० किलोपर्यंत सांगितलंय. दोन्ही हातांनी वॉकर धरायचा, दुखरा पाय काट्यावर ठेवायचा, चांगला पाय तेवढ्याच उंचीच्या पाटावर, आणि काटा २० दाखवेपर्यंत हळूहळू दाबायचं. तीन-चारदा केलं की पायाला अंदाज येतो. हे करताना शेजारी माणूस उभा हवा.

पाय अजिबात टेकवायचा नसेल तर काठीचा काही उपयोग नाही. वॉकर किंवा दोन कुबड्या लागतात. वय झालेलं असेल, तोल जात असेल, हातात ताकद कमी असेल तर वॉकर. तरणा माणूस असेल, घरात जिना असेल, आठवड्याभरात दुकानाच्या गल्ल्यावर बसायचं असेल तर कुबड्या. दुसऱ्या हातालाही मार असेल किंवा दोन्ही पाय जायबंदी असतील तरच व्हीलचेअरचा मुख्य साधन म्हणून विचार करावा. एरवी ती दवाखान्याच्या फेरीपुरती, लांब अंतरापुरती. हल्ली ऑनलाइन एक गुडघा टेकवून ढकलायची चाकाची गाडीही दिसते. घोट्याच्या किंवा पावलाच्या दुखापतीला ती चालते, पण आपल्या उंबऱ्यांच्या घरात आणि खड्ड्यांच्या गल्लीत तिचं काय होणार हे सांगायला नको.

कुबडी काखेत टेकत नाही

सर्वात जास्त चुका कुबडीत होतात, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर. वरच्या गादीमुळे लोकांना वाटतं की शरीराचं ओझं काखेवर टाकायचं. तसं नाही. ओझं तळहातांवर घ्यायचं आणि गादी बरगडीला बाजूने चिकटवून ठेवायची. काखेत शिरा-नसांचं मोठं जाळं आहे. त्यावर आठवडेच्या आठवडे दाब पडला की हाताला मुंग्या येतात, बोटं बधिर होतात, कधी मनगटच खाली लोंबायला लागतं. मोडला होता पाय आणि गेला हात, असा प्रकार. मुंग्या यायला लागल्या की त्याच दिवशी उंची तपासा आणि डॉक्टरांना कळवा.

उंची अशी बघायची. घरात ज्या चपला घालून चालणार त्याच घालून सरळ उभं राहायचं, कुबडीचं टोक पावलाच्या थोडं पुढे आणि बाहेर ठेवायचं. गादी आणि काख यांच्यामध्ये दोन-तीन बोटं सहज जायला हवीत. हात खाली सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते तिथे मूठ. मूठ धरली की कोपर जरासं, म्हणजे १५ ते ३० अंश वाकलेलं असावं. पेशंट उठू शकत नसेल आणि दुसऱ्यालाच दुकानात जायचं असेल तर ढोबळ हिशोब असा: उंचीतून १६ इंच वजा करा. पाच फूट दोन इंचाच्या बाईला साधारण ४६ इंचांची कुबडी. पुढची बारीक जुळवणी बटणांच्या भोकांवर करता येते. दोन्ही कुबड्या एकाच भोकावर आहेत ना, हे मोजून बघायचं.

कोपराखाली कडं असलेली एल्बो कुबडीही मिळते. हलकी असते, दार उघडताना हात मोकळा करता येतो. पण तिला दंडात ताकद आणि अंगात तोल दोन्ही लागतात. आजी-आजोबांसाठी ती घेऊ नये.

जिन्याचा नियम पाठच करायला हवा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि कुबड्या आधी. कठडा असेल तर एका हातात कठडा आणि दोन्ही कुबड्या दुसऱ्या हातात. वॉकर घेऊन मात्र जिना चढायचा नाही.

वॉकर, काठी आणि चाकांची खुर्ची

वॉकरची मूठही मनगटाच्या घडीलाच. चारही पाय एकदम टेकले पाहिजेत. दुकानातच सपाट फरशीवर ठेवून हलवून बघा, डुगडुगला तर परत द्या. घडी उघडल्यावर बटण 'टक्' करून बसतं का ते दोन-चारदा बघा. चालताना आधी वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग हातांवर भार देऊन चांगला पाय. पुढच्या दोन पायांना चाकं असलेला वॉकर उचलावा लागत नाही, त्यामुळे ज्यांना दम लागतो त्यांना बरा. पण पाय टेकवायलाच मनाई असेल तर चाकं नकोत, तो पुढे पळतो. आणि खुर्चीतून उठताना वॉकर ओढून उठू नये, तो अंगावर येतो. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायचं आणि मग वॉकर धरायचा. यासाठी खुर्ची जड लाकडी हवी. लग्नाच्या मांडवातली हलकी प्लॅस्टिकची खुर्ची मागे सरकते.

काठी शेवटी येते, वजन टाकायची परवानगी मिळाल्यावर. ती धरायची दुखऱ्या पायाच्या उलट हातात. उजवा पाय दुखरा तर काठी डाव्या हातात. सिनेमात नेमकं उलटं दाखवतात आणि लोकही तसंच करतात. लाकडी काठी उंच वाटली तर अर्धा-अर्धा इंच कापत जा, एकदम कापलेली पुन्हा जोडता येत नाही. तीन किंवा चार पायांची काठी जास्त स्थिर असते, पण ती सपाट जमिनीवरच. अंगणातल्या दगडगोट्यांवर तिचा एखादा पाय अधांतरीच राहतो.

व्हीलचेअर घेताना दोन मापं. बसायची रुंदी कमरेच्या रुंदीपेक्षा साधारण दोन इंच जास्त. आणि पूर्ण खुर्चीची बाहेरून रुंदी, जी नेहमीच्या खुर्चीत २४ ते २६ इंच भरते. मांडीपासून प्लास्टर असेल तर गुडघा वाकत नाही, म्हणून पायाची पाटी वर उचलता येणारीच खुर्ची लागते. साधी आणली तर पाय हातात धरायला एक माणूस वेगळा लागेल.

घर मोजा

म्हणून शीर्षकात दार आलं. बाहेर पडण्याआधी टेप घ्या आणि दार उघडून चौकटीच्या आतली मोकळी जागा मोजा. पल्ला पूर्ण उघडत नसेल तर त्याची जाडीही वजा करा. जुन्या कौलारू घरात सोप्यातून माजघरात जायला उंबरा, माजघरातून परसात उतरायला पायरी आणि न्हाणीचं दार जेमतेम दोन फुटांचं. तिथे वॉकर आडवा करून नेण्यापेक्षा काही आठवडे पेशंटची सोय पुढच्या खोलीतच केलेली बरी.

संडासाचा प्रश्न लोक लाजेखातर शेवटपर्यंत काढत नाहीत. मोडलेल्या पायाने उकिडवं बसता येत नाही. भारतीय संडासावर ठेवायची भोकाची खुर्ची मिळते, खाली भांडं असलेली कमोड खुर्चीही मिळते. वॉकर घेतानाच ही पण घ्या.

आणि पावसाळा. खानापूर पट्ट्यात जूनपासून सोप्यावरसुद्धा ओल असते. शहाबादी असो की गुळगुळीत टाइल, ओल्या फरशीवर कुबडीचं टोक सरकतं. बाहेरून आल्यावर खालचं रबर फडक्याने पुसायचं. रबराच्या तळाची नक्षी झिजली किंवा भेग पडली की लगेच बदलायचं. किरकोळ पैशांत मिळतं, फक्त नळीच्या जाडीप्रमाणे माप बघून घ्यायचं. पायात मागे पट्टा असलेली सँडल हवी, रबरी स्लिपर नको. जमिनीवरची सतरंजी, पायपुसणं, चार्जरची वायर दोन-तीन महिने गुंडाळून ठेवा.

विकत, भाड्याने की उसनी?

काठी, कुबड्या, वॉकर विकत घ्याव्यात. साधा घडीचा वॉकर हजार ते दोन हजारांत, कुबड्यांची जोडी साधारण तेवढ्यातच किंवा थोडी कमी. व्हीलचेअरला पाच हजारांच्या पुढे मोजावे लागतात आणि ती लागते दीड-दोन महिने. ती विकत घेण्यात अर्थ नाही. बऱ्याच शहरांत देवस्थानं, सेवाभावी संस्था आणि गणेश मंडळं रुग्णोपयोगी साहित्य केंद्र चालवतात. अनामत भरली की व्हीलचेअर, कमोड खुर्ची, वॉकर नाममात्र भाड्याने किंवा फुकट मिळतात. जुनी वस्तू घेताना ब्रेक लावून ढकलून बघा, बटणांची भोकं मोठी झालीत का बघा, जोडावर तडा आहे का बघा, आणि रबरं नवीनच बसवा.

आता सरकारी योजना. केंद्राची 'एडिप' योजना १९८१ पासून आहे, पण तिला किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. तीन महिन्यांत बरा होणारा पाय त्यात बसत नाही, त्यामुळे त्यासाठी हेलपाटे मारू नका. पायात कायमचा दोष राहिला तर मात्र जरूर अर्ज करा. युडीआयडी कार्ड देशभर चालतं. साठीच्या पुढच्या, दारिद्र्यरेषेखालच्या किंवा अल्प उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी १ एप्रिल २०१७ पासून 'राष्ट्रीय वयोश्री योजना' आहे. त्यात काठी, वॉकर, कुबड्या, व्हीलचेअर मोफत मिळतात. साहित्य कानपूरच्या 'अलिम्को' या १९७२ साली स्थापन झालेल्या सरकारी कंपनीचं असतं. दोन्ही योजना केंद्राच्या असल्याने कर्नाटक, गोवा, मध्य प्रदेश, गुजरात, तेलंगण सगळीकडे लागू आहेत. पण वयोश्रीचं वाटप शिबिरातून होतं, आज पडलेल्या माणसाला उद्या काही मिळत नाही.

मेडिक्लेम असेल तरी खिशातून द्यायची तयारी ठेवा. विमा नियामकाच्या यादीत चालण्याच्या साधनांचा खर्च न मिळणाऱ्या बाबींत येतो. वेगळं कलम घेतलं असेल तरच मिळतो, म्हणून पॉलिसी वाचा. तरीही पेशंटच्या नावाचं, जीएसटी क्रमांक असलेलं पक्कं बिल घ्याच. कुबड्या आणि व्हीलचेअरवर जीएसटी ५ टक्के आहे, त्यापेक्षा जास्त लावला असेल तर विचारा. पाय वाहन अपघातात मोडला असेल तर हे बिल मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे भरपाईच्या दाव्यात उपयोगी पडतं. अपघात कोल्हापूर जिल्ह्यात हायवेवर झाला आणि तुम्ही राहता निपाणीत, तरी मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे दावा राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात दाखल करता येतो. कोल्हापूरच्या तारखांना कुबड्या घेऊन जायची गरज नाही.

चालायला लागल्यावर पोटरी एकदम सुजली, गरम लागली, दुखायला लागली किंवा धाप लागली तर वाट बघू नका, रक्ताची गुठळी असू शकते, तडक दवाखाना गाठा. आणि केंद्रातून आणलेली व्हीलचेअर वापरून झाली की पुसून, पायाच्या दोन्ही पाट्या जागेवर लावून परत करा. अनामत परत घ्यायला पावती लागते, ती डिस्चार्ज कार्डाच्या फाइलीतच ठेवा.