विमान अभियंत्याची भारतीय वाट

भारतात विमान अभियंत्याचा पेशा विद्यापीठातून कारखान्यात आला नाही. कारखान्याच्या गरजेतून तो विद्यापीठात गेला. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या सहभागाने २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी उभी केली, आणि त्याच शहरातील भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिक अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला तो त्यानंतर दोन वर्षांनी, डिसेंबर १९४२ मध्ये.

याच सुमारास दुसरे महायुद्ध अधिक भडकले, सरकारने कारखाना ताब्यात घेतला, आणि अमेरिकी बनावटीची कॅटलिना व डकोटा ही विमाने दुरुस्तीसाठी तेथे येऊ लागली. या पेशाची पहिली शाळा ती दुरुस्तीची शेडच होय. फाटलेला पत्रा बदलताना एक कारागीर बाहेरून हवेच्या दाबावर चालणारी रिव्हेटची बंदूक धरी, दुसरा पंखाच्या पोकळीत हात घालून रिव्हेटच्या शेपटीवर पोलादी ठोकळा टेकवून उभा राही, आणि दोघांचा ताल चुकला की पत्र्याला पोचा येई. अशा कामाने हात तयार झाले. परंतु पत्रा नेमक्या त्याच जाडीचा का आणि रिव्हेटमधील अंतर तेवढेच का, या प्रश्नांची उत्तरे दुरुस्ती देत नाही. ती आराखड्याच्या मेजावरच मिळतात.

त्या मेजापर्यंत भारतीय तरुणांना नेण्याचे श्रेय प्रामुख्याने विष्णू माधव घाटगे यांच्याकडे जाते. वायुगतिकी, म्हणजे हवेचा प्रवाह आणि त्यातून जाणारी वस्तू यांच्या परस्परसंबंधाचे शास्त्र, त्यांनी जर्मनीत गॉटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली आत्मसात केले होते. विज्ञान संस्थेच्या नव्या विभागातील आरंभीच्या शिक्षकांत ते होते आणि कारखान्याच्या आरेखन विभागाची धुराही त्यांच्याकडे होती. त्यामुळे फळ्यावरचे समीकरण आणि शेडमधला सांगाडा यांच्यातील अंतर तेथे फारसे उरले नाही. ऑगस्ट १९५१ मध्ये आकाशात झेपावलेले एचटी-२ हे पुढे-मागे दोन आसनांचे धातूचे प्रशिक्षण विमान हे त्याचेच फळ. विमानावर किती भार येईल हे वायुगतिकीच्या गणिताने ठरवायचे, तो भार सांगाड्याचा प्रत्येक भाग पेलेल की नाही हे ताण-विश्लेषणाने तपासायचे, मग पूर्ण आकाराच्या रेषा आखून त्यांवरून साचे काढायचे आणि अखेर चाचणी-वैमानिकाच्या तक्रारी ऐकून पुन्हा गणिताकडे वळायचे: ही सारी साखळी येथील अभियंत्यांनी प्रथमच स्वतःच्या जबाबदारीवर पार पाडली. एचटी-२ लहान होते, मंद होते. तरीही या पेशाच्या इतिहासात त्याचे मोल मोठे आहे, कारण अभियंता घडतो तो चुकण्याचा अधिकार आणि चूक दुरुस्त करण्याची जबाबदारी एकत्र मिळाल्यावरच.

पुढे १९५६ मध्ये कुर्ट टांक हे नामवंत जर्मन अभिकल्पक बंगळूरला आले. त्यांच्या मोजक्या जर्मन सहकाऱ्यांच्या जोडीने भारतीय तरुणांनी मरुत हे लढाऊ जेट विमान घडवले आणि १७ जून १९६१ रोजी ते उडाले. सांगाडा उत्तम होता, पण त्याला साजेसे ताकदवान इंजिन अखेरपर्यंत लाभले नाही. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली घडलेले किरण हे जेट प्रशिक्षण विमान ४ सप्टेंबर १९६४ रोजी उडाले. एव्हाना मात्र धोरणाचा ओघ परवाना-उत्पादनाकडे, म्हणजे परदेशी कंपनीचे तयार नकाशे घेऊन विमान येथे बांधण्याकडे, वळला होता. नाशिकजवळच्या ओझर येथील कारखाना उभा राहिला तो सोव्हिएत मिग-२१ साठी. हजारो कुशल हातांना त्याने काम दिले आणि हवाई दलाची निकड भागवली, हे खरेच. परंतु नकाशा परक्याचा असला की अभियंत्याची कारकीर्द उत्पादन, तपासणी आणि देखभाल यांतच फिरत राहते, आणि आरेखनाचे कसब, जे एका पिढीने दुसरीला शेजारी बसवून शिकवायचे असते, ते खंडित होते. देशाने तेव्हा ही किंमत कमी लेखली.

मरुतनंतरचे भारतीय आराखड्याचे पुढचे लढाऊ जेट, तेजस, उडाले ४ जानेवारी २००१ रोजी. मरुतच्या पहिल्या उड्डाणाच्या वेळी बावीस वर्षांचा असलेला अभियंता तोवर वयाच्या साठीपलीकडे पोहोचला होता.