चित्रकथांचे अभ्यवेक्षण

गुन्हेगारी व भय या विषयांवरील स्वस्त चित्रकथापुस्तिकांमुळे मुले बिघडतात, या समजुतीतून विसाव्या शतकाच्या मध्यास प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत त्यांवर घालण्यात आलेली नियंत्रणे. ‘कॉमिक्स’ या नावाने परिचित असलेल्या ह्या पुस्तिका तेथे दहा सेंटला मिळत. दुसऱ्या महायुद्धानंतर अतिमानवी नायकांची लोकप्रियता ओसरली आणि त्यांची जागा गुन्हेकथा, प्रणयकथा व भयकथा यांनी घेतली. त्याच सुमारास बालगुन्हेगारीविषयीची चिंताही वाढली. १९४८ मध्ये काही गावांत अशा पुस्तिकांच्या जाहीर होळ्या झाल्या. तथापि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने गुन्हेकथांवर निर्बंध घालणारी न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यातील तरतूद संदिग्ध म्हणून अवैध ठरविली. त्यामुळे शासकीय बंदीचा मार्ग अवघड झाला.

ह्या चळवळीचा प्रमुख प्रवक्ता फ्रेड्रिक वर्टम (१८९५–१९८१) हा मानसोपचारतज्ञ होता. न्यूयॉर्कमधील हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत त्याने १९४६ मध्ये गरिबांसाठी चिकित्सालय काढले होते. सिडक्शन ऑफ द इनोसंट (१९५४) या ग्रंथात त्याने आपल्या बालरुग्णांच्या कथनांच्या आधारे चित्रकथांवर ठपका ठेवला. १९५४ च्या एप्रिल व जूनमध्ये सिनेटच्या उपसमितीने न्यूयॉर्क येथे साक्षी घेतल्या. एका मुखपृष्ठावर स्त्रीचे छिन्न मस्तक दाखविलेले होते. ते भयकथेच्या दृष्टीने सुरुचीस सोडून नाही, असे प्रकाशक विल्यम गेन्स याने सांगताच लोकमत अधिकच प्रक्षुब्ध झाले.

कायद्याचे संकट टाळण्यासाठी प्रकाशकांनी संघटना स्थापून ऑक्टोबर १९५४ मध्ये आचारसंहिता स्वीकारली. तीनुसार अखेर सत्प्रवृत्तीचाच जय दाखविणे बंधनकारक झाले. पोलीस, न्यायाधीश इत्यादींची अप्रतिष्ठा तसेच रक्तपिपासू पिशाच्चांचे चित्रण निषिद्ध ठरले. संहिता नावापुरती ऐच्छिक होती. कारण तिची मुद्रा नसलेली पुस्तिका बहुतेक वितरक स्वीकारीत नसत. वंशद्वेषाचा निषेध करणाऱ्या एका कथेचा नायक कृष्णवर्णीय असण्यासही संहितेच्या प्रशासकाने हरकत घेतली. गेन्सने ती कथा न बदलता छापली (१९५६), पण त्यानंतर त्याने चित्रकथापुस्तिकांचे प्रकाशन थांबविले.

ब्रिटनने १९५५ मध्ये कायदा करून अशा पुस्तिकांना आळा घातला. भारतानेही १९५६ मध्ये वीस वर्षांखालील व्यक्तींना हानिकारक ठरणाऱ्या प्रकाशनांविरुद्ध अधिनियम संमत केला. गुन्हे, हिंसा, क्रौर्य किंवा बीभत्स घटना यांचे चित्रण करून अशा वाचकांना बिघडवू शकणाऱ्या कथा, मग त्या सचित्र असोत वा नसोत, त्याच्या कक्षेत येतात.

अमेरिकन संहिता १९७१ व १९८९ मध्ये शिथिल करण्यात आली आणि २०११ मध्ये अखेरच्या प्रकाशकांनीही ती सोडल्याने संपुष्टात आली. वर्टमची कागदपत्रे २०१० मध्ये अभ्यासकांना खुली झाली. त्यांच्या आधारे कॅरल टिली या संशोधिकेने २०१२ मध्ये असे दाखविले, की त्याने मुलांची वये व कथने यांत फेरफार केले होते आणि त्यांच्या घरच्या हालअपेष्टा, मारहाण यांसारखी कारणे दृष्टिआड केली होती. मुलांविषयीची त्याची कळकळ खरी होती. परंतु दारिद्र्य व उपेक्षा यांचा दोष पुस्तिकांच्या माथी मारल्याने मूळ प्रश्न मात्र तसाच राहिला.