बाळांच्या डॉक्टरांचं भांडण

बाळ दीड महिन्याचं झालं की आपण त्याला लसीकरणाला नेतो. सिस्टर आधी वजन करते, कार्डावर टिंब मांडते, अंगावर पाजतेस ना म्हणून विचारते. बाळ हसतंखेळतं असताना, काही दुखत नसताना त्याला दवाखान्यात न्यायचं, यात आज आपल्याला वेगळं काही वाटत नाही. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत याच गोष्टीवरून डॉक्टरांमध्ये मोठी जुंपली होती. त्या भांडणानंतर तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी आपली वेगळी चूल मांडली. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स असं त्या संघटनेचं नाव. तिची गोष्ट आज सांगायची आहे, पण ती डॉक्टरांपासून सुरू होत नाही, बायकांपासून सुरू होते.

१९१२ साली अमेरिकी सरकारने मुलांसाठी एक वेगळं खातं काढलं. चिल्ड्रन्स ब्युरो म्हणत त्याला. त्याच्या प्रमुख झाल्या ज्युलिया लॅथ्रॉप. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या एखाद्या खात्यावर बाई प्रमुख म्हणून बसली, ती ही पहिलीच. या बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो अगदी साधा होता: आपल्या देशात तान्ही बाळं किती मरतात आणि का मरतात? उत्तर कुणाकडेच नव्हतं, कारण बऱ्याच राज्यांत जन्माची नोंदच धड होत नव्हती. मग खात्यातल्या बायका पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाउन या पोलादाच्या कारखान्यांच्या गावी गेल्या आणि घरोघर जाऊन आयांशी बोलल्या. बाप काय कमावतो, घरात पाणी आहे का, बाळंतपणाला कोण होतं, बाळाला काय पाजलं, सगळं विचारलं. जे हाती आलं ते स्वच्छ होतं. बापाची मजुरी जितकी कमी, तितकी त्या घरातली बाळं जास्त दगावत. तोवर दोष आईच्या अडाणीपणावर ढकलला जायचा. जॉन्सटाउनच्या आकड्यांनी मजुरी आणि मृत्यू एका ओळीत आणून ठेवले.

त्या काळी अमेरिकेत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे सुमारे शंभर बाळं वर्षाच्या आत जात होती. ऐन उमेदीच्या वयातल्या बायकांच्या मृत्यूंत क्षयाच्या खालोखाल कारण होतं ते बाळंतपणाचं. एवढ्या श्रीमंत देशात!

१९२० साली तिथल्या बायकांना देशभर मताचा अधिकार मिळाला, आणि पुढच्याच वर्षी बायकांच्या संघटनांनी एक कायदा करवून घेतला. मांडणाऱ्या दोघा पुरुष सदस्यांच्या नावांवरून त्याला शेपर्ड-टाउनर कायदा म्हणतात. मूळ मसुदा त्याआधी संसदेत आणला होता जेनेट रँकिन यांनी, त्या संसदेतल्या पहिल्या महिला सदस्य. पण कायद्याला नाव लागलं ते पुरुषांचं, हेही नोंदवून ठेवू या. सिनेटमध्ये ६३ विरुद्ध ७ अशी मतं पडली. आता या बायका मतपेटीत काय करतील कोण जाणे, ही धास्ती पुष्कळ सदस्यांच्या मनात होती. आणि गंमत बघा, १९२१ मध्ये संसदेत एकच बाई होती, ओक्लाहोमाच्या अ‍ॅलिस रॉबर्टसन, आणि ती या कायद्याच्या विरोधात होती. दुसऱ्या बाजूने एका सिनेटरने चिल्ड्रन्स ब्युरोतल्या बायकांची टिंगल केली की या बिनलग्नाच्या, आणि या आयांना मूल वाढवायला शिकवणार!

कायद्यात होतं तरी काय? औषधोपचार नव्हते, पैशाची मदतही नव्हती. केंद्राने राज्यांना थोडा निधी द्यायचा, राज्यांनी त्यात भर घालायची आणि त्यातून गावोगाव गरोदर बायकांची आणि निरोगी बाळांची तपासणी करायची, परिचारिकांनी घरी जाऊन सांगायचं. दक्षिणेत बहुतेक काळ्या बायकांची बाळंतपणं सुईणी करत. त्यांचेही वर्ग घेतले गेले: हात कसे धुवायचे, बाळाच्या डोळ्यांत औषधाचे थेंब का घालायचे, जन्माची नोंद कशी करायची. कायदा चालू होता तोवर जवळपास ३,००० केंद्रं उभी राहिली, १,८३,००० च्या वर तपासण्यांचे मेळावे झाले आणि परिचारिकांनी ३१ लाखांहून जास्त घरभेटी दिल्या.

इथे डॉक्टरांचं बिनसलं. अमेरिकन मेडिकल असोसिएशन ही त्यांची बलाढ्य संघटना. तिला वाटलं, आज सरकार बाळ तपासतंय, उद्या आमचा धंदाच ताब्यात घेईल. हे काम बहुतेक ठिकाणी परिचारिका आणि स्त्री डॉक्टर करत होत्या, हेही काहींना टोचत असणार. १९२२ मध्ये सेंट लुइस शहरात संघटनेचं अधिवेशन भरलं. मुलांच्या डॉक्टरांच्या विभागाने कायद्याला पाठिंब्याचा ठराव केला. मुलांना रोज बघणारे ते, बाळं कशाने मरतात ते त्यांना ठाऊक होतं. त्याच दिवशी संघटनेच्या मुख्य सभेने कायद्याला बाहेरून आणलेली समाजवादी योजना ठरवून त्याचा निषेध केला. एकाच संघटनेची दोन तोंडं! वरिष्ठांनी मुलांच्या डॉक्टरांची कानउघाडणी केली आणि पुढे नियमच केला की कोणत्याही विभागाने धोरणाच्या बाबतीत परस्पर ठराव करायचा नाही.

दरम्यान बायका काही गठ्ठ्याने मतं देत नाहीत, हे पुढाऱ्यांच्या ध्यानात आलं, भीती ओसरली. कायदा कसाबसा दोन वर्षं वाढवला आणि १९२९ च्या ३० जूनला तो संपला. तोवर खाजगी डॉक्टरांना एक गोष्ट उमगली होती: निरोगी बाळाची तपासणी आपल्या दवाखान्यातही करता येते, आणि तिचे पैसेही घेता येतात. ज्याला विरोध केला तेच काम पुढे त्यांच्या मिळकतीचा भाग झालं.

कायदा संपल्यावर वर्षाच्या आत, १९३० च्या जूनमध्ये, डेट्रॉइट शहरात ३५ बालरोगतज्ज्ञ जमले आणि त्यांनी अ‍ॅकॅडमी स्थापन केली. पहिले अध्यक्ष शिकागोचे डॉ. आयझॅक अ‍ॅब्ट. वेगळं होण्याची कारणं आणखीही होती, पण मुलांच्या बाजूने बोलल्यावर आपल्याच लोकांनी तोंड बंद केलं, ही सल त्यात होती. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात आई-बाळाच्या आरोग्याचा निधी परत आला, तेव्हा शेपर्ड-टाउनरचा वारसा पुन्हा उभा राहिला.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. पण संघटना मोठी झाली की तिचेही हितसंबंध तयार होतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारने साध्या सैनिकांच्या बायकांची बाळंतपणं आणि त्यांच्या तान्ह्या बाळांचे उपचार मोफत केले. डॉक्टरांची फी सरकार ठरवणार आणि थेट डॉक्टरला देणार. या पद्धतीवरून अ‍ॅकॅडमीतली पुढारी मंडळी चिल्ड्रन्स ब्युरोवरच उलटली. ज्या खात्याची बाजू घेतल्याबद्दल त्यांनी बोलणी खाल्ली होती, तेच हे खातं.

आणि मग डब्याचं दूध. १९८१ च्या मे महिन्यात जीनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने डब्याच्या दुधाच्या जाहिरातींवर आचारसंहिता मंजूर केली. ११८ देश बाजूने, विरोधात एकच मत, ते अमेरिकेचं. अ‍ॅकॅडमीचं म्हणणं आईचंच दूध उत्तम असंच होतं, आणि कंपन्यांनी थेट आयांपुढे जाहिरात करू नये असंही ती सांगत असे. पण त्याच कंपन्यांच्या देणग्या ती वर्षानुवर्षे घेत होती. जाहिरात आयांपर्यंत जायची नाही म्हणजे डबा जाणार तो डॉक्टरांच्या हातून, असंही त्यावर बोललं गेलं, आणि प्रकरण कोर्टात गेलं.

२००२ मध्ये तर कमालच झाली. अ‍ॅकॅडमीने स्तनपानावर आयांसाठी पुस्तक काढलं होतं. डब्याचं दूध विकणाऱ्या एका कंपनीने त्याच्या लाखो प्रती घेतल्या, मुखपृष्ठावर आपलं अस्वलाचं चिन्ह छापलं आणि वाटल्या. अंगावर पाजा सांगणारं पुस्तक, वर डब्याचा शिक्का! पुढच्या वर्षी सरकारची स्तनपानाची मोहीम यायची होती. जाहिरातीत एक पोटुशी बाई यांत्रिक बैलावर बसून उड्या खाते: बाळ पोटात असताना असा धोका पत्कराल का, मग जन्मल्यावर का, असा तिचा सूर. कंपन्यांनी तक्रार केली, आणि अ‍ॅकॅडमीच्या अध्यक्षांनी आरोग्यमंत्र्यांना पत्र लिहिलं की या जाहिरातींचा सूर चिंतेचा आहे. अ‍ॅकॅडमीतच स्तनपानाचं काम पाहणारे डॉ. लॉरेन्स गार्टनर यांनी त्याला उघड आक्षेप घेतला. जाहिराती शेवटी सौम्य करून दाखवल्या गेल्या. आईला घाबरवून दूध पाजायला लावणं मलाही पटत नाही. ज्या बाईला कामावर परत जायचंय, जिचं दूध उतरत नाही, तिने काय करायचं? पण हा विचार करून पत्र गेलं असतं तर गोष्ट निराळी. ते गेलं कंपन्यांच्या तक्रारीमागून. आणि या वेळीही मुलांच्या डॉक्टरांमध्ये दोन तोंडं दिसली, सेंट लुइससारखीच, फक्त आता ती अ‍ॅकॅडमीच्या आत होती.

आपल्याकडे याबाबत वाट वेगळी धरली गेली. भारतात १९९२ साली डब्याच्या दुधाचा आणि बाटल्यांचा कायदा झाला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक केला. या दुधाची जाहिरात करायची नाही, फुकट नमुने वाटायचे नाहीत. डब्यावर आईचं किंवा बाळाचं चित्र छापायचं नाही, आणि आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम आहे, हे ठळक छापायचं. शिवाय कंपन्यांनी डॉक्टरांना किंवा त्यांच्या संघटनांना पैसा द्यायचा नाही, परिषदेसाठी नाही, संशोधनासाठीही नाही. कायदा आहे म्हणून सगळीकडे पाळला जातो असं नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. मेडिकलच्या दुकानात गेलात तर एक डबा हातात घेऊन बघा, काय छापलंय आणि काय छापलेलं नाही ते. आणि बाळंत झाल्याबरोबर कुणी न मागता डबा लिहून दिला, तर कशासाठी हवा, हे विचारायला लाजू नका.